पलीकडच्या बाईचं माहेर

प्रिय ईरा आणि निखिल,

मागच्या महिन्यात ईराचा टोरांटोहून फोन आला. वकिलांच्या ऑफिसातली नवी नोकरी, पहिलाच आठवडा. "आजी, आज मला गंमतच वाटली. नवीन क्लाएंट आला की त्याचं नाव कॉम्प्युटरमध्ये टाकायचं, त्याच्या विरुद्ध पार्टीचं नाव टाकायचं, आणि आपण पूर्वी त्यांच्यापैकी कोणाचं काम केलंय का ते बघायचं. तू हेच करायचीस ना?"

"हेच करायचे."

"पण हे तर चुटकीसरशी होतं. मग तू जन्मभर करत काय होतीस?"

निखिल, तू मेलबर्नहून त्याच कॉलवर होतास आणि मध्येच म्हणालास, "शक. सगळ्यांवर." सगळे हसले, मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मला वाटलं, ईराच्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. इकडे आपल्या दिल्लीच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक नोकरीतले अनुभव लिहा म्हणून कधीपासून मागे लागले आहेत. दोन्ही कामं एकदम उरकते आहे.

आणखी एक कारण आहे. जिची ही हकीकत आहे ती बाई या वर्षी गेली. ती असेपर्यंत मी यातला एक शब्दही लिहिला नसता. आताही इथली नावं, गाव, कारखान्यातला माल, सगळं मी बदललं आहे. शोधत बसू नका. माझं रक्त असेल तर बसालच, पण सापडणार नाही.

आधी काम काय होतं ते सांगते. वकिलाला एकाच भांडणात दोन्ही बाजूंनी उभं राहता येत नाही, एवढं सगळ्यांना कळतं. त्यापुढचं लोकांच्या लक्षात येत नाही. वकिलाकडे माणूस डॉक्टरपेक्षाही जास्त उघडा होतो. शरीर सोडून बाकी सगळं दाखवतो: कोणाशी पटत नाही, कुठे सही केली, काय लपवलं. ते सगळं ऑफिसच्या पोटात जाऊन बसतं. पुढे त्याच माणसाच्या विरुद्ध दुसरा कोणी आला, तर पोटातल्या त्या माहितीचं काय करायचं? वापरली तर विश्वासघात. न वापरता काम करतो म्हटलं, तर कोण विश्वास ठेवणार? म्हणून असं काम घ्यायचंच नाही. ऑफिसात याला आम्ही नुसतं 'कॉन्फ्लिक्ट' म्हणायचो. नवं काम आलं की फाइल उघडण्याआधी कागद माझ्याकडे यायचा. मी 'क्लीअर' लिहून सही केली की मगच वकिलांनी अशिलाची कहाणी ऐकायची.

आमचं ऑफिस बाराखंबा रोडच्या बाजूला होतं. मी इंग्रजी घेऊन एम. ए. केलेलं. जाहिरातीत 'रेकॉर्ड्स' असं होतं, मला वाटलं ग्रंथपालासारखं काहीतरी शांत काम असेल. आत गेले तर एका खोलीत लाल कापडात बांधलेले जुन्या फायलींचे बस्ते छतापर्यंत, आणि दुसऱ्या खोलीत कार्डांची लाकडी कपाटं. प्रत्येक अशिलाचं एक कार्ड, त्याच्या विरुद्ध माणसाचं एक, कंपनी असेल तर भागीदारांची वेगळी. आडनावाप्रमाणे लावलेली. कार्डावर काम कसलं होतं त्याची एक ओळ. बाकी सगळं बस्त्यात.

आणि माणसं खोटं बोलायची. नेहमीच मुद्दाम नव्हे. दिल्लीत राकेश गुप्ता नावाचे लोक किती असतील याची तुम्ही कल्पनाच करा, म्हणून मी वडिलांचं नाव विचारायचे. पंजाबी घरांमधून भागीदार म्हणून 'बिट्टू' लिहून यायचं. बिट्टू म्हणजे कोण, असं विचारलं की अशील दुखावल्यासारखा बघायचा. "बिट्टू जी, हमारे बिट्टू जी," असं दोनदा म्हणायचा. जणू मीच राहिले होते ओळखायची.

काही जण मात्र पक्के असायचे. एकदा एक सफारी सूटमधले गृहस्थ आले. बायकोपासून घटस्फोट हवा होता. तासभर आमच्या वकिलांशी बोलले, फी दिली, वाकून नमस्कार केला आणि गेले ते परत आलेच नाहीत. काही दिवसांनी त्यांची बायको आली. तिला आम्ही घेऊ शकत नव्हतो, कारण नवऱ्याची बाजू आमच्या कानात पडलेली होती. ती रडली नाही. नुसती म्हणाली, "जहाँ जाती हूँ, यही सुनती हूँ. वो हर जगह पहले चाय पी के जा चुका है." तेव्हा मला उलगडा झाला. त्या माणसाला वकील नकोच होता, बायकोला मिळणारे वकील त्याला बाद करून ठेवायचे होते. त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या अशिलाला विचारू लागले, आमच्याआधी कोणाकडे जाऊन आलात? उत्तर काय येतं यापेक्षा ते देताना माणूस कुठे बघतो, हे मी पाहायचे. लपवलेली वस्तू जिकडे असते तिकडे माणसाचे डोळे जातात. तुमच्या बाबानं लहानपणी लाडू चोरले की तो असाच फडताळाकडे बघायचा.

ही सवय ऑफिसात राहिली असती तर बरं होतं. तुमची आई पहिल्यांदा मयूर विहारच्या घरी आली तेव्हा मी तिला आईचं माहेर, मामांचं नाव, मामा काय करतात, सगळं विचारलं. ती अहमदनगरची ख्रिस्ती मुलगी. तिला वाटलं मी कुळ शोधतेय. ती फार सभ्यपणे उत्तरं देत राहिली आणि बाहेर जाऊन तुमच्या बाबाला म्हणाली, "तुझी आई पोलिसात आहे का?" मी फक्त तिचे मामा कधी आमचे अशील होते का, ते मनात ताडून बघत होते. हे तिला समजावून सांगायला मला तिच्या पहिल्या बाळंतपणापर्यंत वेळ लागला. त्याचं वाईट वाटतं.

आता मोघ्यांची गोष्ट.

तेव्हा टाइपरायटर चालू होते आणि कॉम्प्युटर यायचा होता. नोएडात सेक्टरांना आकडे पडले होते, पण रस्ते सगळीकडे पोचले नव्हते. तिथल्या एका कारखान्याचे मालक म्हणून श्री. मोघे आमच्याकडे आले. खोकी आणि पॅकिंगचा कारखाना, 'कुसुम पॅकेजिंग'. दोन भाऊ भागीदार होते. थोरला भाऊ वारला होता आणि त्याचा हिस्सा त्याच्या बायकोकडे, सुनंदा मोघे हिच्याकडे, आला होता. तिला एक शाळकरी मुलगी. धाकट्या मोघ्यांना वहिनी भागीदारीत नको होती. तिला बाहेर काढायचं, हेच काम.

मोघ्यांना आणलं होतं खन्नासाहेबांनी. हे आमच्याकडचे तरुण भागीदार, चांगले वकील, पण मोठा अशील दिसला की त्यांना धीर धरवत नसे. माझ्या टेबलावर फॉर्म ठेवून ते म्हणाले, "शालिनीजी, ज़रा जल्दी. क्लाएंट बाहर बैठा है."

मी कपाटं पाहिली. सुनंदा मोघे नाही. कुसुम पॅकेजिंग नाही. दोन्ही भाऊ नाहीत. स्वच्छ. खरं तर इथे सही करून मोकळं व्हायचं. पण फॉर्मवर एक रकाना होता: विरुद्ध पक्षाचं पूर्वीचं किंवा दुसरं नाव. तिथे मोघ्यांनी ठळक अक्षरात 'नाही' लिहिलं होतं.

पंजाबी किंवा बनिया बाईच्या बाबतीत मी यावर विचार केला नसता. तिचं आडनाव बदलतं, ते विचारून घेता येतं. पण आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलायचे. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहायचा आणि संध्याकाळपर्यंत एक मुलगी नाहीशी होऊन तिच्या जागी दुसरीच उभी राहायची. आमच्या ऑफिसात हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असणारा दुसरा माणूस बाहेर सोफ्यावर बसला होता, आणि त्यानंच 'नाही' लिहिलं होतं.

मी मोघ्यांना आत बोलावलं. मराठी ऐकून ते खुलले.

"अरे वा, आपल्याच निघालात. चला, बरं झालं."

"वहिनींचं माहेरचं आडनाव काय?" मी विचारलं.

"ते काही लक्षात नाही बुवा."

"नाव बदललं होतं का लग्नात?"

"नाही, नाही. आमच्याकडे तसलं काही नाही. पहिल्यापासून सुनंदाच."

वहिनीचं माहेर माहीत नसलेला मराठी दीर मी तरी तोवर पाहिला नव्हता. मी चहा मागवला. चहा येईपर्यंत आपल्या लोकांत होतात तशा गप्पा सुरू केल्या: दिल्लीत कधी आलात, कोथिंबिरीच्या वड्या इथल्या कोथिंबिरीच्या होतात का, असं. मग माझंच नाव काढलं.

"मी माहेरची विमल. सासरी शालिनी झाले. पहिलं वर्षभर सासूबाई हाक मारायच्या आणि मी मागे वळून बघायचे, ही कोण नवीन आली म्हणून."

मोघे मनापासून हसले. "आमच्या वहिनीचं हेच व्हायचं. तिला तर काही इलाजच नव्हता. आईचं आणि तिचं नाव एकच. आई म्हणाली, मी सुनेला हाक मारायची की स्वतःला? ग्वाल्हेरची माणसं, त्यांना त्यात काही वाटलं नाही, पण वहिनी मात्र..."

आणि चमचा थांबला. मी कपात बघत होते. बशीत सांडलेला चहा मी परत कपात ओतला आणि म्हटलं, "या दिवसांत दूध फार पातळ येतं, नाही?"

"हो ना," मोघे म्हणाले. ते माझ्या मागच्या कपाटांकडे बघत होते.

आता माझ्या मनात दोन शंका होत्या. पहिली साधी: हा माणूस वहिनीचं जुनं नाव लपवतोय, म्हणजे ते नाव आमच्या कपाटात असणार असं त्याला वाटतं. दुसरी अधिक वाईट: दिल्लीत इतके वकील असताना हा आमच्याकडेच का आला? आम्ही काम घेतलं तर जुना बस्ता त्याच्या वकिलाच्या हाताशी येणार होता. त्याला वकील हवा होता की बस्ता?

आईचं नाव काय, हे विचारायची गरज नव्हती. कारखान्यावर तेच होतं. म्हणजे लग्नाआधीची ती कुसुम, ग्वाल्हेरची. पण माझी कार्डं आडनावाप्रमाणे लावलेली. आडनाव कुठून आणायचं?

तुम्ही म्हणाल, विचारायचं. इथेच आमच्या कामातली मेख आहे. सुनंदाला विचारणं शक्य नव्हतं, ती विरुद्ध पक्ष. आणि दिल्लीतल्या मराठी लोकांत 'मोघ्यांच्या वहिनीचं माहेर कुठलं' असं कोणाही एकीला विचारलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी विचारलं असतं, की वकिलाच्या ऑफिसातल्या शालिनीताईंना मोघ्यांच्या वहिनीशी काय काम? नुसत्या माझ्या प्रश्नानंच तिचं नुकसान झालं असतं.

खन्नासाहेबांना मी सांगितलं, अजून क्लीअर नाही. ते म्हणाले, "कार्ड में तो कुछ नहीं है. अब क्या जन्मपत्री मिलाएँगी?"

"वही समझिए," मी म्हटलं.

सुदैवानं ते संक्रांतीचे दिवस होते. हिंदूराव हॉस्पिटलजवळ राहणाऱ्या बापटकाकूंकडे हळदीकुंकू होतं. बापटकाकू म्हणजे आमच्या सगळ्या बायकांची चालतीबोलती वंशावळ. त्यांना माणूस चेहऱ्यानं नव्हे, माहेरानं आठवायचा. शिवाय त्यांच्या पोटात काही राहत नसे. म्हणजे मला हव्या होत्या तशाच, आणि मला भीती वाटावी तशाच.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. तिळगूळ झाला, वाण झालं. मग म्हटलं, "काकू, आमच्या सासूबाई म्हणायच्या, सासू नि सून एका नावाच्या असल्या तर घराला लाभत नाही. खरं असतं का हो?"

"काहीतरीच. लाभायचं काय त्यात? गोंधळ होतो म्हणून बदलतात." काकूंनी मांडी नीट घातली, आणि मला कळलं, आता थांबायच्या नाहीत. "आपल्यातच बघ ना. पेंडशांची सून, ती इंदूरची, तिचं बदललं. त्या टिळकनगरच्या वैद्यांकडे तर दोघी जावा एका नावाच्या, धाकटीचं बदललं. आणि ती मोघ्यांची मोठी. बिचारी. ग्वाल्हेरच्या फाटकांची कुसुम, तिची सुनंदा केली."

"जावाजावांचं पण बदलतात?" मी विचारलं. "वैद्यांकडे कोणाचं बदललं म्हणालात?"

मला वैद्यांशी काही कर्तव्य नव्हतं. पण काकूंना नंतर काही आठवलंच, तर शालिनीनं वैद्यांची चौकशी केली, एवढंच आठवायला हवं होतं. त्या वैद्यांबद्दल पुष्कळ बोलल्या. मग पुन्हा आपणहून मोघ्यांकडे वळल्या आणि आवाज खाली आणला.

"त्या कुसुमचं म्हणे लग्नाआधी काहीतरी होतं हं. खरं-खोटं देव जाणे. तिच्या दिरालाही कुणीतरी..."

"काकू, उसळीत गूळ तुम्ही घालता की आमसूल आणि गूळ दोन्ही?" मी म्हटलं.

मला ऐकायचं नव्हतं. आणि एक गोष्ट तेव्हा टोचली, ती आजही टोचते. त्या बैठकीत सुनंदाविषयी इतकं मोकळं बोलता आलं, कारण ती तिथे नव्हती. ती नव्हती, कारण तिचा नवरा गेला होता आणि हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी 'फाटक'चा कप्पा ओढला. होतं. कुसुम फाटक, ग्वाल्हेर, सोबत वडील. मी तिथे नोकरीला लागण्याआधीचं काम, ज्यांनी ते केलं ते वकीलही केव्हाच ऑफिस सोडून गेलेले. खाली नेहमीसारखी एक ओळ.

ती ओळ मी तुम्हाला सांगणार नाही. एवढंच सांगते की त्यात गुन्हा नव्हता. आजच्या कुठल्याही मुलीला लाजही वाटू नये असं ते होतं. पण त्या वेळच्या कोर्टात आणि त्या वेळच्या नातेवाइकांत ते कागदोपत्री बाहेर आलं असतं, तर सुनंदाला आपला हिस्सा सोडून, मुलीचा हात धरून ग्वाल्हेरला परत जावं लागलं असतं. मोघ्यांनी अफवा ऐकली होती, बापटकाकूंनीही ऐकली होती. अफवेनं कोणाला भागीदारीतून काढता येत नाही. त्यासाठी पुरावा लागतो, आणि तो आमच्या लाल कापडात होता.

मी थेट थोरल्या भागीदारांकडे, भसीनसाहेबांकडे गेले. फाळणीत लाहोरहून आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. मी सगळं सांगितलं. खन्नासाहेबही तिथे आले.

"सर, वो औरत तब दूसरे नाम की थी, किसी और मामले में आई थी," खन्नासाहेब म्हणाले. "फाइल बंद हुए ज़माना हो गया. और मोघे बड़ा क्लाएंट है."

भसीनसाहेबांनी चष्मा पुसला. "नाम बदलने से औरत बदल जाती है क्या, खन्ना? काम नहीं लेंगे."

मला हायसं वाटलं. ते फार टिकलं नाही, कारण भसीनसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "पर मना कैसे करेंगे?"

तोवर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कॉन्फ्लिक्ट आहे म्हणून नाही म्हटलं, की मोघ्यांना कळलं: आमच्याकडे काहीतरी आहे. कारण न देता नाही म्हटलं, तरी कळलं. एवढं कळलं की तो कुसुम फाटकचा माग काढत ग्वाल्हेरपर्यंत गेला असता आणि जे आमच्याकडून मिळालं नाही ते दुसरीकडून उकरून काढलं असतं. आमच्या नकारानंच अफवेवर शिक्का बसणार होता.

"वजह आप दीजिए," भसीनसाहेब मला म्हणाले. "आपसे तो लोग वैसे भी नाराज़ रहते हैं."

खन्नासाहेब हसले. मग माझं तोंड बघून थांबले.

मोघे आले तेव्हा मी त्यांना माझ्याच खोलीत बसवलं. मागे कपाटं. मी मनाशी ठरवलं होतं, काही झालं तरी मागे बघायचं नाही. दुसऱ्यांचे डोळे मी इतकी वर्षं वाचत आले होते, आज माझे वाचायला कोणी बसलं होतं. मी मोघ्यांच्या बुटांवर नजर ठेवली. नवे बूट होते, टाच दुखत असावी, ते सारखे पाय काढून घेत होते.

"तुमचं काम आम्ही घेत नाही," मी म्हटलं.

"का?" मोघे पुढे झुकले. रागावले नव्हते. मला तेच वाईट वाटलं. रागावण्याऐवजी त्यांना उत्सुकता वाटत होती. "काही सापडलं का तुम्हाला? जुनं काही?"

"सापडलं."

मी त्यांचा फॉर्म पुढे ओढला.

"फॉर्मवर तुम्ही लिहिलंत, दुसरं नाव नाही. तोंडीही तेच सांगितलंत. आणि चहा पिताना मला म्हणालात, वहिनीचं नाव बदलावं लागलं. पहिल्याच दिवशी खोटं लिहिणाऱ्या माणसाचं काम मी पुढे पाठवत नाही."

"एवढ्यासाठी?" त्यांचा विश्वास बसेना. "अहो, ही काय शाळा आहे का?"

"असंच समजा."

"बाकी काही नाही?"

"हे कमी आहे का?"

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. आवाज एकदम घरगुती झाला. "ताई, आपण एका गावची नसलो तरी एका भाषेची माणसं. खरं सांगा. तिचं माहेरचं नाव शोधलंत ना तुम्ही?"

खोटं बोलायचं नव्हतं. तोंडावर खोटं मला येत नाही, तुमच्या आजोबांना विचारा. मी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात ना, माहेर तुम्हाला माहीत नाही? मग मी कुठल्या नावानं शोधणार? माहीत असेल तर सांगा. आत्ता फॉर्म दुरुस्त करून घेते."

मोघ्यांनी सांगितलं, तर आधीचं सगळं खोटं होतं हे त्यांच्याच तोंडून लिहून घेतलं जाणार. नाही सांगितलं, तर पुढे बोलायला जागा नाही. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या बुटांकडे.

"आपल्याच माणसांनी असं करावं," शेवटी ते उठत म्हणाले. दारात खन्नासाहेब भेटले, त्यांना हिंदीत म्हणाले, "आपके यहाँ कौन बैठा रखी है? हेडमास्टरनी?"

खन्नासाहेब म्हणाले, "क्या बताऊँ, मोघेजी. हम सब परेशान हैं." त्या एका वाक्यासाठी मी त्यांना पुढचं पुष्कळ माफ केलं.

मोघे कुठल्या दुसऱ्या वकिलाकडे गेले. ते गुपित कधी वर आलं नाही. भांडण काही काळ चाललं आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी बसून मिटवलं. सुनंदाचा हिस्सा तिच्याकडेच राहिला. ती कारखान्यात जाऊन बसू लागली आणि पुढे तीच तो चालवू लागली. आमच्याकडेच बस्ता आहे हे मोघ्यांना कोणी सांगितलं, हे मला आजही माहीत नाही. संशय आहे. तो मी लिहिणार नाही, कारण पुराव्याशिवाय नाव लिहायचं नाही हे मी स्वतःच लोकांना शिकवलं.

त्या वर्षापासून फॉर्मवर मराठी बायकांसाठी माहेरचं पूर्ण नाव सक्तीचं झालं. पुढच्या संक्रांतीला मी आमच्याकडे हळदीकुंकू केलं आणि ओळखीच्या सगळ्या बायकांना बोलावलं, नवरा असलेल्या आणि नसलेल्याही. बापटकाकू त्या वर्षी आल्या नाहीत. पुढच्या वर्षी उसळीसाठी आल्या.

सुनंदा मला भेटली ती फार पुढे. मुलीचं लग्न झाल्यावर तिनं मयूर विहारमध्ये आमच्या शेजारच्या सोसायटीत फ्लॅट घेतला. तुम्ही तिला पाहिलं आहे, पण कोण ते सांगत नाही. सकाळी बागेत फिरताना ओळख झाली, मग चहा, मग रोजच. मी वकिलांच्या ऑफिसात होते एवढं तिला ठाऊक होतं, कुठल्या ते तिनं कधी विचारलं नाही. तिनं मला आपलं सगळं आयुष्य सांगितलं. ग्वाल्हेर, लग्न, नवऱ्याचं जाणं, दिराचा त्रास. लग्नाआधीचं तेवढं सोडून. मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. मैत्रिणीबद्दल आपल्याला असं काही ठाऊक असणं, जे तिनं दिलेलं नाही, याला काय म्हणतात कोण जाणे. मला ते कायम उचलून आणलेल्या वस्तूसारखं वाटलं.

एकदा बाकावर बसलो असताना ती म्हणाली, "माझा दीर एका मोठ्या ऑफिसात गेला होता म्हणे माझ्याविरुद्ध. तिथल्या कोणा खडूस बाईनं त्याला हाकलून दिलं. फॉर्म चुकीचा भरला म्हणून."

"असतात अशा," मी म्हटलं.

ती हसली. खूप वेळ हसली आणि मग माझा हात धरून उठली, गुडघ्यांमुळे. ते हसणं कशाचं होतं? तिला कळलं होतं का? मी तिच्या डोळ्यांकडे पाहायला हवं होतं. इतक्या लोकांचे पाहिले. तेव्हा मात्र मी तिच्या बुटांकडेच बघत होते.

तर ईरा, तुझ्या मशीनला नाव दे, ते शोधून देईल. नाव देणारा माणूस तेवढा बघत जा.

आमचं ऑफिस भसीनसाहेब गेल्यावर फुटलं. कार्डं कॉम्प्युटरवर गेली, जुने बस्ते मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे मशीनमध्ये कापून लगद्याला दिले. फाटक नावाचा बस्ता त्यात गेला, तो मी स्वतः उभं राहून पाहिला. बापटकाकू नाहीत, मोघे नाहीत, आता सुनंदाही नाही. कारखाना नोएडात अजून चालू आहे आणि तो तिची मुलगी चालवते. त्या कार्डावरची ओळ मला शब्दन् शब्द आठवते. ती मी कोणालाही सांगितलेली नाही, तुमच्या आजोबांनाही नाही.

तुमची,
आजी